भिवराबाईची अखंड भाकरी

भिवराबाईने फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवून तोंडाशी नेला, तोच दारातून हाक आली, "मावशी, घोळणा फुटला!"

तुकडा परत फडक्यात गेला.

चंपानगरीच्या राजशाळेत मुलांचं औषधपाणी भिवराबाई बघायची. शाळा मोठी, पोरं दांडगट, आणि मधल्या सुट्टीत तर ती पिकल्या जांभळांसारखी झाडांवरून टपाटप पडायची! नाकाचं रक्त थांबलं की कुणाचा तरी पाय मुरगळलेला. तो चोळून होतो तोवर कुणाला गांधीलमाशी डसलेली. हे सगळं निस्तरून बाई फडक्याशी परतली की दारात एखादा पोट धरून उभा, कारण सुट्टीनंतर गणिताचा तास! तोवर भाकरीची वहाण झालेली असायची. ती जायची शाळेच्या गाईला. गाय चांगली गुटगुटीत झाली होती, आणि भिवराबाईच्या हातातल्या बांगड्या मात्र कोपरापर्यंत सरकत होत्या.

एके दिवशी चक्कर येऊन ती स्वतःच औषधखोलीतल्या खाटेवर आडवी झाली. पोरं भोवती जमून पाटीने वारा घालू लागली. डोळे उघडताच तिने ठरवलं, आता हे राजाच्याच कानावर घालायचं.

राजा हंबीरदेव मनाने चांगला होता, पण हट्टी. त्यातून जेवणाचा शौकीन.

"जेवायला वेळ मिळत नाही?" तो म्हणाला. "अगं, मी एवढं राज्य चालवतो, तरी माझं जेवण कधी चुकलं नाही!"

"महाराज, आपण जेवता तेव्हा राज्य कोण बघतं?"

"प्रधानजी."

"मग मलाही जेवणापुरती एक प्रधानीण द्या!"

दरबार खो खो हसला. राजाला ते झोंबलं.

"अस्सं! मग ऐक. उद्या दुपारी आख्खी भाकरी जेवून दाखव. जागेवरून उठायचं नाही, दार लावायचं नाही. एकाही पोराला औषधाविना परत पाठवायचं नाही. आणि कुणा नोकराची किंवा गुरुजींची मदत घ्यायची नाही! जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं, तर पुन्हा जेवणाचं नाव काढायचं नाही!"

भिवराबाई म्हणाली, "बरं महाराज. फक्त खरंखोटं बघायला आपण स्वतः या. मागाहून कुणी म्हणायला नको की भिवराने लबाडी केली."

"येणारच! तिथेच बसून जेवीन आणि डोळ्यांत तेल घालून बघेन!"

घरी जाताना ती राजाच्या अटी पुटपुटत चालली होती. उठायचं नाही... दार लावायचं नाही... नोकर नको, गुरुजी नको... आणि एकदम ती भर रस्त्यात इतक्या मोठ्यांदा हसली, की पुढचा गाडीवान बैल थांबवून मागे बघू लागला!

दुसऱ्या दिवशी औषधखोलीत राजाचा चौरंग मांडला गेला. चांदीच्या ताटात पुरणपोळ्या, वर तुपाची धार. समोर भिवराबाईने फडकं सोडलं. सुट्टीची घंटा झाली.

"मावशी, गुडघा फुटला!" एक मुलगी रडत आत आली.

"ये गं बाय. आज औषध ते लावतील," भिवराबाईने घास घेत राजाकडे बोट दाखवलं.

"मी?" राजाचा घास हातातच राहिला. "अरे, कोण आहे तिकडे?"

"नोकर नको महाराज! आपलीच अट! मग पाठवू का पोरीला तशीच परत? आपण तर प्रजेचे मायबाप..."

राजाने मुलीकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी, गुडघ्यावर रक्त. त्याने पोळी खाली ठेवली.

"काय लावू?"

"आधी पाण्याने धुवा. मग डाव्या डब्यातली हळद. आणि फुंकर घाला, नाहीतर ओरडेल!"

राजाने गाल फुगवून फुंकर घातली. हळद त्याच्याच मिशांवर उडाली! मुलगी रडता रडता हसली आणि धावत बाहेर जाऊन ओरडली, "आज राजा औषध लावतोय!"

मग काय! घोळणा, काटा, टेंगूळ, हलता दात, सगळी शाळा दारात! "महाराज, माझं बघा!" "महाराज, माझं आधी!" राजा ओव्याच्या बरणीत हात घालतोय, एकाचं डोकं मागे धरतोय, दुसऱ्याचा पाय चोळतोय. मुकुट डोळ्यांवर येऊ लागला, तेव्हा तो त्याने खुंटीला अडकवला.

"बाई, याच्या पोटात दुखतंय!" राजा म्हणाला.

"गणित आहे त्याला. कडू काढा दाखवा!"

बरणीचं झाकण उघडताच पोट बरं झालं!

आणि भिवराबाई? ती सावकाश जेवत होती. कांदा फोडला, ठेचा चाखला, पिठलं निपटून घेतलं. शेवटचा घास तिने डोळे मिटून खाल्ला. जेवण गरम नव्हतं, पण सलग होतं!

घंटा झाली. पोरं पांगली. राजा धापा टाकत चौरंगावर बसला. पोळ्यांवरचं तूप थिजलं होतं.

"हरलीस!" तो गरजला. "मदत घेतलीस तू!"

"घेतली ना, महाराज. पण अट नोकराची आणि गुरुजींची होती. आपण त्या दोघांपैकी कोण ते सांगा, मी आत्ता हार मानते!"

स्वतःच्या हळदीने माखलेल्या हातांकडे बघून राजा असा हसला, की फळीवरच्या बरण्या किणकिणल्या!

"जिंकलीस, भिवराबाई! माग काय हवं ते!"

"दुपारच्या जेवणापुरती दुसरी बाई द्या, महाराज. आणि आता आपण निवांत जेवा. दाराशी मी उभी राहते."

"एक कशाला? दोन बाया दिल्या!" राजाने हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या ओंजळीत टाकलं आणि पुरणपोळीवर अशी झडप घातली, की तेवढ्यात त्याला शोधत आलेले प्रधानजी दचकून मागे सरले!