ब्रॅडली साहेबांच्या फोटोला हार

आम्ही राहतो त्या परदेशातल्या गावात मेक्सिकोची माणसं पुष्कळ. आपल्या पितरांसारखा त्यांचाही सण असतो. गेलेल्या माणसाचा फोटो मांडून झेंडू वाहतात, म्हणजे ते माणूस त्या दिवशी भेटायला येतं.

यंदा या सणाचा चौकातला मांडव ब्रॅडली नावाच्या दुकानदाराने स्वतःच्या खर्चाने घातला आणि जाहिरातीसाठी मधोमध स्वतःचाच भलामोठा फोटो लावला. माझी शेजारीण रेमेदिओस आईचा फोटो घेऊन आली, तर म्हणाला, "बाई, जागा नाही. म्हातारीला बघून गिऱ्हाईक येतं होय?"

आई येऊन तशीच परत जाईल, म्हणून ती रडवेली झाली. मग तिने डोळे पुसले, त्याच्याच फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली आणि गळा काढला, "फार भला माणूस होता हो!"

बायका जमून रडायला लागल्या. माझ्या कडेवरच्या बाळानेही भोकाड पसरलं. मी तर घाबरूनच गेले.

"अगं, मी जिवंत आहे!" ब्रॅडली ओरडला.

"साहेब, ही जागा गेलेल्यांची. आता दोघांपैकी एकाला जावंच लागेल. फोटोला, नाहीतर तुम्हाला," रेमेदिओस म्हणाली.

फोटो लगेच उतरला. तिथे रेमेदिओसची आई बसली, आणि तिच्यापुढे नैवेद्याला ठेवलेला गोड पाव चोखत बाळ गप्प झालं.