आधी ठकूच्या घरचा दिवा

कासारडोह गावी राघोबुवा महाराजांचे वास्तव्य होते, तेव्हाची ही गोष्ट. कचेरीसमोरच्या लिंबाच्या पारावर धुनी पेटवून महाराज बसत. आम्हा गावकऱ्यांना महाराजांचा अभिमान, आणि महाराजांना अभिमान कुणाचा? तर कचेरी झाडणाऱ्या ठकूबाईचा! "देव पाहायचा तर ठकूने झाडलेल्या फरशीत पाहावा," असे ते म्हणत.

पण शिरस्तेदार भास्करपंतांनी तिला मेटाकुटीस आणले होते. कचेरी सुटली तरी पंत सुपारी कातरत, गप्पा छाटत बसायचे. ते उठल्याशिवाय ठकूला केर काढता येईना, आणि केर काढल्याशिवाय घर दिसेना.

एके दिवशी ऊन कलले तशी ती हात जोडून म्हणाली, "रावसाहेब, आज दिवेलागणीच्या आत जाऊ द्या. लेकरू तापानं फणफणलंय. सासूबाईंना डोळ्यांनी दिसत नाही. घरात दिवा लावायलासुद्धा कुणी नाही हो!"

"तुझ्या खोपटात दिवा लागला नाही तर गाव का अंधारात राहणार आहे?" पंत हसले. तिची केरसुणी पायाने लोटून म्हणाले, "जा, तुझ्या त्या बुवाला सांग दिवा लावायला!"

अरेरे! केरसुणी म्हणजे लक्ष्मी, तिला पाय? ठकूने ती उचलून कपाळाला लावली. डोळ्यांत पाणी होते, पण मान ताठ होती.

पारावरून महाराज म्हणाले, "ऐकलं रे, पंता! आज आधी ठकूच्या घरचा दिवा. बाकीच्यांचे मागून."

अंधारून आले. पट्टेवाल्याने कंदिलाला काडी लावली, पण वात पेटेना. तेल भरलेले, वात नवी, तरी ज्योत धरेना. पंतांनी स्वतः काड्या ओढून पाहिल्या. तेवढ्यात त्यांच्या घरून निरोप आला, देवापुढची समई काही केल्या लागत नाही! पंतांना दरदरून घाम फुटला.

"ठकूबाई, जा गं बाई, आधी घरी जा!"

"जाते. पण माझ्या हातची कचेरी कधी केराची राहिली नाही. ही घ्या!" पंतांच्या हाती केरसुणी देऊन ठकू घराकडे धावली.

मामलेदारांपुढेही न वाकणारे पंत कमरेत वाकले आणि अंधारात चाचपडत स्वतःच टाकलेली सुपारीची टरफले झाडू लागले.

इकडे ठकूने दिवा लावला. लेकरू घाम येऊन, ताप उतरून हसत होते. सासू म्हणाली, "इतका वेळ उशाशी कोण गं बसलं होतं? कपाळावर ओली पट्टी ठेवत होतं. अंगाला धुनीचा वास येत होता." महाराज तर पारावरून हललेही नव्हते!

ठकूचा दिवा लागला त्याच क्षणी कचेरीतला कंदील आपोआप उजळला होता. पंत हातातल्या केरसुणीसकट धावत येऊन महाराजांच्या पायांवर पडू लागले, तोच महाराजांनी पाय मागे घेतले. "पाय कुणाला लावलास? आधी तिला नमस्कार कर."

पंतांनी केरसुणी कचेरीच्या उंबऱ्यावर ठेवली आणि तिच्यापुढे डोके टेकले.

पुढे सूर्य असतानाच कचेरी झाडून होऊ लागली. आमच्या गावात आजही सांजेला काडी ओढण्याआधी विचारतात, "ठकूचा दिवा लागला का?" हे पहिल्यांदा विचारले भास्करपंतांनी, ठकूच्या दारात, पगडी काढून!