रुमालाखालचा सौदा

"घोड्यांचा भाव उतरव, नाहीतर बंदर सोड!" राजा धवलराय गरजला.

समोर उभे असलेले बाळोबा दलाल गारठलेच. शेवरे बंदरात घोड्यांची तीन गलबतं लागली होती. एक सौदागर मस्कतचा, दुसरा हुर्मुझचा, तिसरा एडनचा. तिघं एरवी एकमेकांच्या पंक्तीला बसत नसत, एकमेकांच्या घोड्यांना गाढवं म्हणत. भाव मात्र तिघांचा एकच, आणि तोही गेल्या वर्षीच्या दुप्पट!

"महाराज, त्यांनी संगनमत केलंय. शिक्षा करा," बाळोबा कसेबसे म्हणाले.

"कशी करू? संगनमत झालं भर समुद्रात, माझा कायदा संपतो किनाऱ्यावर! पाहुण्यांना धमकावलं, हाकललं, तर पुन्हा एक गलबत इकडे फिरकणार नाही. आणि वाढीव भाव तर मी देणारच नाही. सूर्य मावळायच्या आत काय ते कर!"

घरी येऊन बाळोबांनी कपाळाला हात लावला. या वयात बिऱ्हाड हलवून जायचं कुठे? लेक सुगंधा भाकऱ्या थापत होती. वडिलांचं उतरलेलं तोंड तिला बघवेना.

"बाबा, सौदा रुमालाखालीच करता ना?"

"मग! बोटं दाबून भाव सांगायचा. काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक."

"तर मस्कतवाल्याचा हात धरा. बोट एकही दाबू नका. नुसते हसा, मान डोलवा आणि उठताना त्याला मिठी मारा."

"आणि सौदा?"

"तो होईल आपोआप. आधी जेवून घ्या!"

भर बाजारात दोघांच्या हातांवर रुमाल पडला. मस्कतवाला चक्रावला. हा दलाल भाव सांगेना, हात सोडेना, वर हसतोय! सरबत वाटणाऱ्या सुगंधाला हसू आवरताना नाकी नऊ आले. शेवटी बाळोबांनी त्याला कडकडून मिठी मारली, आणि पलीकडच्या दोघांच्या घशाखाली सरबत उतरेना.

"किती कमी केलास?" दोघांनी त्याला घेरलं.

"काहीच नाही! खुदाची कसम!"

"मग मिठी कसली?"

याचे घोडे खपले, तर आपले कोण घेणार? हुर्मुझवाला हळूच बाळोबांकडे सटकला आणि त्याने भाव खाली दाबला. तो गेलेला पाहून एडनवाल्याने अंदाजानेच आणखी खाली दाबला. मग मस्कतवाला स्वतःच धावत आला, "अहो, माझा हात पुन्हा धरा!"

संध्याकाळी भाव गेल्या वर्षीच्याही खाली आला होता. बाळोबांनी लेकीला दरबारात नेलं आणि युक्ती तिचीच असल्याचं सांगितलं.

"पोरी, त्या पहिल्या रुमालाखाली ठरलं तरी काय?" राजाने विचारलं.

"काहीच नाही, महाराज. मस्कतवाला अगदी खरं बोलत होता. पण तिघं मिळून आपल्याला लुबाडायला निघालेले, एकाचं खरं दुसऱ्याला कसं पटावं?"

"शाब्बास! माग काय हवं ते."

"बाबांना दलालीची गादी कायमची द्या. आणि बंदरात घोडे विकत घ्यायची मुभा इतरांनाही द्या. विकणारे तिघं एक झाले तर आपण केवढे चिडलात! घेणारे तर आपण एकटेच!"

बाळोबांनी डोळे मिटून घेतले. पण राजा मांडीवर थाप मारून इतका हसला की त्याची पगडी घसरली.

"दिली मुभा! आणि पहिला परवाना हिच्याच नावाने लिहा. घोड्यांसाठी हिच्याशी भांडायला मजा येईल!"