वहीतून खरवडलेली बाई

एका राज्यात छत्तीस कुळं होती आणि त्यांचा गर्व छत्तीस हत्तींना ओढवत नव्हता. कुणी सूर्याचे वंशज, कुणी चंद्राचे, कुणी यज्ञाच्या अग्नीतून उठलेले. बाईच्या पोटातून जन्मलेलं कुळ मात्र त्या राज्यात एकही नव्हतं. निदान वहीत तरी नव्हतं.

वही म्हणजे भाटानं लिहिलेली वंशावळ. बापाचं नाव, त्याखाली मुलाचं, त्याखाली नातवाचं. बायकोच्या जागी फक्त तिच्या माहेरचं कुळ. मुलगी झाली तर काहीच नाही. लग्न ठरलं की भाट वही वाचणार, दोघं एकाच कुळातली नाहीत ना हे बघणार, मगच मांडव पडणार. सासरी आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या कुळाच्या नावानं हाक मारायची. ती म्हातारी होऊन मरे, तरी तिचं स्वतःचं नाव सासरच्या एकाही जिभेवर आलेलं नसे. याला ते मर्यादा म्हणत.

छत्तिसांत पहिला मान खडगावतांचा. त्यांचा राव सबळमल काळ्या गडावर राज्य करी. सूर्यापासून तो एकशेसातवा. त्याच्या गडाच्या दारात सात दगडी मुली उभ्या होत्या. त्या कुणी घडवलेल्या नव्हत्या. सात पिढ्यांच्या त्या सात थोरल्या लेकी. अंगाला हळद लागली की खडगावतांची थोरली लेक पायांपासून दगड होऊ लागे. दिवसाला एक वीत. आठव्या दिवशी डोळे दगडाचे होत. मग घरचेच तिला उचलून दारात उभी करत, शेंदूर फासत, नारळ फोडत आणि म्हणत, कशी देवी झाली बघा. जिवंतपणी जिच्यासाठी वहीत थेंबभर शाई निघाली नाही, तिच्या दगडापुढे तुपाचे दिवे.

सबळमलची थोरली लेक अनोपकुंवर. विजलोत कुळात तिचं लग्न ठरलं. हळद लागली आणि दुसऱ्या सकाळी तिचा पाय उचलेना.

राव म्हणाला, "कुळाचं भाग्य. दारात आठवी जागा करा."

राणी सारणोत कुळातली. ती म्हणाली, "जागा कसली करता? बोलते आहे ती अजून."

"सारणोतजी, मर्यादा."

"मर्यादा तुमची. पाय माझ्या लेकीचे."

एवढं बोलून राणी अनवाणी डोंगर चढली. वर कुळदेवीचं देऊळ. देवी घारीच्या रूपात कळसावर बसून पंख साफ करत होती.

"आलीस?" घार म्हणाली. "सात आया इथं येऊन रडल्या. का झालं, असं एकीनं विचारलं नाही."

"मी विचारते. का झालं?"

"तुमच्या वहीत पहिली ओळ एका बाईची होती. तिच्या पोराच्या नातवानं ती खरवडली. त्या बाईनं शाप दिला, ज्या घरात मी नाही, त्या घरातून लेक चालत बाहेर पडणार नाही."

"खरवडलं पुरुषांनी. मग भोगायचं लेकींनी का?"

"मीही तिला तेच म्हणाले. ती ऐकेना."

"मग माझा तिच्यावरही राग आहे."

"असू दे. तीन गोष्टी मिळव. तिचं नाव. तिची हकीकत. आणि खडगावतांच्या रक्ताचं एक तोंड, जे छत्तीस कुळांसमोर दोन्ही बोलेल."

राणी भाटाच्या घरी गेली. भाट खेतसी म्हातारा होता. त्याची वही लोखंडी पेटीत, पेटीवर नाग.

"राणीसाहेब, बाईनं वहीला हात लावला तर नाग डसतो."

"नागाला विचारलंस कधी?"

नाग म्हणाला, "मला असं कुणी सांगितलेलं नाही. मी उंदरांसाठी आहे." आणि तो बाजूला झाला.

राणीनं पहिलं पान उघडलं. पहिली ओळ खरबरीत होती, खपली काढल्यासारखी.

खेतसी म्हणाला, "माझ्या सातव्या पूर्वजानं केलं. रावाचा हुकूम होता."

"चाकू रावाच्या हातात होता का?"

भाटानं पेटीचा तळ चाचपला. त्याच्या घराण्यात लिहिलेलं अक्षर फेकत नसत. खरवडलेला चुरा त्यांनी शिंगाच्या डबीत ठेवला होता. डबी त्यानं राणीच्या तळहातावर पालथी केली. शाईचे कण मुंग्यांसारखे चालले आणि नाव होऊन थांबले. भुरी.

तिथून राणी खाऱ्या तळ्यावर गेली. तळ्याकाठी एक जादूगार राही. ज्यांना पुसून टाकलं त्यांचे आवाज तो मडक्यांत भरून ठेवी. मडकी हजारो होती आणि बहुतेक बायकांची होती.

"भुरीचं मडकं दे."

"बदल्यात तुझं माहेरचं कुळ दे. पुढं त्या नावानं कुणीही तुला हाक मारू शकणार नाही."

"घे. होतं बापाचं, वीस वर्षं वाहिलं मी."

जादूगारानं मडकं फोडलं. आतून घोगरा आवाज आला.

"मी मेंढ्या राखत होते. भर दुपारी तापल्या खडकावर एक तान्हं पोर पडलेलं. कुणाचं, ठाऊक नाही. मेंढीचं दूध पाजलं. लोक विचारत, कुणाचं गं? मी म्हणे, सूर्यानं दिलं. तो मोठा झाला. हा गड मी डोक्यावर दगड वाहून त्याला बांधून दिला. तो मला आई म्हणे. त्याच्या नातवाला माझ्या नावात मेंढ्यांचा वास येऊ लागला."

पोर, त्याचा मुलगा, खरवडणारा नातू आणि पुढं सात पिढ्या, म्हणजे भुरीपासून सबळमल दहावा. आधीची सत्त्याण्णव नावं भाटांनी कुठून आणली, ते सूर्यालाच ठाऊक.

सातव्या दिवशी राणी गडावर परतली. अनोपकुंवर गळ्यापर्यंत दगड झाली होती. मांडवात छत्तीस कुळांचे सरदार जमले होते. देवी होताना बघायला आले होते, सरबत पीत बसले होते. राणीनं रावाला बाजूला घेतलं, सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आता तुम्ही बोला."

रावाचा चेहरा उतरला. "मेंढकी? हे बोललो तर आज विजलोत उठून जातील. उद्या पस्तीस कुळं आमच्या हातचं पाणी घेणार नाहीत."

"लेक जाते आहे."

"लेक तशीही जायचीच होती. लेकी कुळात मोजत नाहीत."

राणीनं मग आवाज दाबला नाही. "मोजत नाहीत? मग शापानं तिला ओळखलं कसं?"

राव तिला आवरायला ओरडू गेला, "सा..." आणि पुढं शब्दच फुटेना. हाक मारायला त्याच्यापाशी दुसरं नाव नव्हतं.

राणी लेकीपुढं जाऊन उभी राहिली. "बाईसा, तोंड आहे अजून?"

"आहे, मासाहेब."

राणीनं तिला भुरीची हकीकत सांगितली आणि नाव असलेला तळहात तिच्या डोळ्यांसमोर धरला.

राव म्हणाला, "मुलींनी वंशावळ म्हणायची नसते."

"रावसाहेब," अनोपकुंवर म्हणाली, "मला हलता येत नाही. तुम्हाला उठून जाता येईल."

मग ती छत्तीस कुळांसमोर बोलली. "मी अनोपकुंवर, खडगावत. माझं कुळ भुरी मेंढकीचं. तिनं खडकावरचं पोर उचललं, जगवलं, हा गड बांधला. सूर्यानं आम्हाला फक्त ऊन दिलं."

दगड तडकला. भिंतीचा गिलावा पडावा तसा तिच्या अंगावरून पडला. दारातल्या सात जणींनी शेंदूर झटकला आणि प्यायला पाणी मागितलं.

विजलोतांचा सरदार उठला. "मेंढकीच्या कुळात आमचा मुलगा नाही."

"जा की," अनोपकुंवर म्हणाली. "जाण्याआधी तुमच्या आजीचं नाव सांगा."

"त्या चांदेरोतजी."

"ते त्यांच्या बापाचं कुळ. त्यांचं नाव?"

सरदार आपल्या पायांतल्या जोड्यांकडे बघू लागला. उरलेल्यांनीही घाईनं आपापल्या जोड्यांकडे बघितलं, न जाणो पुढचा प्रश्न आपल्याला यायचा. मग एकेक करून सगळे निघाले. अनोपकुंवर त्यांच्या आधी निघाली, वरातीशिवाय, गडाच्या दारातून आपल्या पायांनी. उतारापर्यंत गेली, मन भरेपर्यंत बसली आणि परत आली.

खेतसीनं भुरीची ओळ पुन्हा लिहिली.

राव राणीपाशी आला. "तुझं नाव काय?"

"वीस वर्षांनी विचारता? आधी स्वतःच्या आईचं विचारून या."

राव रागानं लाल झाला. पण गेला. त्याची म्हातारी आई आपल्या दालनात अडकित्त्यानं सुपारी कातरत होती.

"मासाहेब, आपलं नाव काय?"

"वहीत लिहायला हवंय?"

"हो."

"मग नाही सांगत."

राव उभाच राहिला. शेवटी तो म्हणाला, "आणि मला हवं असेल तर?"

म्हातारीनं तबक सरकवून शेजारी जागा केली. "मग बस खाली. नावाच्या आधी बरंच काही सांगायचं आहे."

राव खाली बसला. दिवेलागणीपर्यंत सिंहासन रिकामं होतं आणि त्या राज्याचं काहीही अडलं नाही.