न मिटलेला किडा

पूर्वी वाराणसीत सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजबागेतल्या एका कुजक्या ओंडक्याखाली किडा होऊन जन्मला. हसू नका, किडाच! राखी पाठ, चौदा पाय, आणि भ्यायला की अंगाची वाटोळी गोळी करणारा. त्या जातीला ओल हवी, उन्हात ती सुकून मरते. तिचा कुळाचार एकच होता : मिटला तो वाचला.

एका भर दुपारी माळ्याने सरपणासाठी तो ओंडका ओढून नेला. डोक्यावरचे छप्परच गेले म्हणा ना! वरून ऊन कोसळले आणि एक साळुंकी उड्या मारीत आली. सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. भराभर सगळे मिटले. खडे समजून साळुंकी त्यांच्यावरून पुढे गेली. पण मिटलेल्यांना दिसते कुठे? ऊन तर त्यांना भाजतच होते.

उघडे राहिले दोघेच : बोधिसत्त्व आणि रेवती नावाची एक मादी. तिच्या पोटाखालच्या पिशवीत पिले होती.

"आजोबा, मला मिटताच येत नाही हो!" ती रडू लागली. "माझी पिलं मरतील!"

बोधिसत्त्वही थरथरत होता. त्यालाही जीव प्यारा होता. तरी तो म्हणाला, "पोरी, तो रांजण दिसतो ना? त्याच्या बुडाशी ओल आहे. मागे वळून बघू नकोस. पोचलीस की सगळ्यांना हाक मार."

आणि तो उलट्या दिशेने, उघड्या फरशीवर चालू लागला. साळुंकी वळली. तिने त्याला चोचीत धरले. भीतीने त्याचे सारे अंग आपसूक मिटू पाहत होते. पण मिटला असता तर कठीण खडा म्हणून तिने त्याला टाकले असते आणि रेवतीकडे मान वळवली असती. म्हणून तो मिटला नाही. साळुंकी त्याला घेऊन उडून गेली.

"उघडा रे, इकडे ओल आहे!" रांजणाखालून रेवतीची हाक आली. एकेक गोळी उघडली. एक मात्र कितीतरी वेळ तशीच राहिली. ती उघडेपर्यंत रेवती हाका मारीत होती.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, वप्पिल भिक्षूला सांगितली. शेजारच्या कोठडीतला सोबती तापाने फणफणला होता, आणि आपल्यालाही ताप लागेल या भयाने वप्पिल दोन दिवस दाराला कडी लावून बसला होता.

शास्ते म्हणाले, "तो किडा मी होतो. रेवती म्हणजे आज तापात पडलेला तुझा सोबती. आणि सगळ्यांत उशिरा उघडलेली ती गोळी, वप्पिल, तू होतास. भय वाटत असतानाही दुसऱ्यासाठी उघडे राहणे, हीच करुणा."

वप्पिलाचे भय अजून गेले नव्हते. त्याने पाण्याचा लोटा भरला आणि तो शेजारच्या कोठडीत गेला.