रिकाम्या फांदीवरचा पोपट

आटपाट नगराच्या वेशीबाहेर, नकाशा काढणाऱ्याची शाई जिथे संपली तिथे, एक फुलमळा होता. शेवंती पिवळीधमक, अबोली केशरी, निशिगंध दुधासारखा शुभ्र. तिथे भागाबाई खुरपणीला जायची. घरात भाकरी असली तर कालवण नसे, कालवण असलं तर भाकरी नसे. दोन्ही एकदम दिसली की सण समजावा.

तिची आठ वर्षांची वेणू बकुळीखाली बसून मळ्यातल्या बायकांची पाच चिमुकली सांभाळायची. त्यांतली सर्वांत इवलीशी तिची धाकटी बहीण ठकी. साडेतीन वर्षांची झाली, पण तोंडातून शब्द फुटला नव्हता. गावातली शहाणी माणसं म्हणत, "मुकीच आहे पोर." शहाण्यांची टंचाई कुठल्याच गावाला नसते. पण ते ऐकलं की वेणू ठकीला उचलून दूर न्यायची.

एका सकाळी अबोलीच्या झुडपात, कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी चमचमलं. वेणूला वाटलं, दवबिंदू. पाहते तर करंगळीएवढी परी! मोरपिशी पंख धाग्यांत गुरफटलेले. वेणूने गवताच्या काडीने एकेक धागा अलगद सोडवला.

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण नियम ऐकून घे. परीलोकात नियमावाचून पान हलत नाही. नियम असूनही फारसं हलत नाही, ती गोष्ट वेगळी."

"माझी ठकी बोलू दे."

"शब्द कुणाच्या तोंडात घालता येत नाहीत, बाळ. ते आतूनच यावे लागतात. त्यांना बोलावणारं काहीतरी देते."

परीने पंख झटकले. सोनेरी भुकटी उडाली आणि वेणूच्या मांडीवर चित्रांचं पुस्तक उतरलं.

"हे एकटीनं बघायचं नाही. पान चिमुकल्यांनीच उलटायचं, तुझ्या घाईनं नाही. आणि रोज त्यावर इवले हात फिरले पाहिजेत. ज्या दिवशी फिरणार नाहीत, त्या दिवशी एक चित्र उडून जाईल. आठ दिवसांनी मी बघायला येईन. एक जरी चित्र कमी भरलं, तर पुस्तक परत."

वेणूला वाचता येत नव्हतं, आणि पुस्तकात एकही अक्षर नव्हतं. दोघांचं छान जमलं. बदक आलं की सगळी दुडूदुडू चालत. मांजर आलं की त्याच्यापुढे भाकरीचा तुकडा धरत, आणि ते खात नाही म्हणून नाइलाजाने स्वतःच खात. वेणू चित्रावर तळहात ठेवून विचारी, "कोण लपलंय?" पोरं ओरडून नावं सांगत. ठकी ओरडत नसे, पण तिचं बोट पोपटावर जाऊन टेके आणि तिथेच राही.

"चल ना पुढं!" त्या पाचांतला गोंद्या कुरकुरे.

"थांब रे. तिचं अजून बघून झालं नाही."

सहाव्या दिवशी बदकासारखं चालताना गोंद्याचा पाय पुस्तकाला लागला, आणि नेमकं भागाबाईने पाहिलं.

"अगं कार्टे! विद्येला पाय लागू देतेस?" ती वेणूवर ओरडली. तिने पुस्तक उचललं, घरी नेऊन हळदकुंकू वाहिलं, लाल फडक्यात गुंडाळून देवांच्या फळीवर ठेवलं.

"आई, त्याला रोज हात लागले नाहीत तर..."

"पुस्तकाला हात जोडायचे असतात, लावायचे नसतात!"

त्या गावात पुस्तकांना फार मान होता. म्हणून तर ती कुणी उघडत नसे.

सातवा दिवस सुनासुना गेला. रात्री जेवताना वेणूने रडत रडत आईला सगळं सांगितलं. सकाळी भागाबाईने घाईघाईने फडकं सोडलं. फांदी होती, पोपट नव्हता.

"माझ्याच हातानं केलं गं मी," ती मटकन खाली बसली.

बकुळीखाली गोंद्याने युक्ती काढली. "दोन पानं चिकटवून टाक. परीला काय कळतंय!"

"तिनं विश्वासानं दिलंय रे," वेणू म्हणाली.

इतक्यात परी आली. वेणूने स्वतःच ते पान उघडून दाखवलं. "चूक आमची. घेऊन जा पुस्तक. फक्त ठकीची बघायची पाळी राहिलीय, तेवढी होऊ दे."

नियमात ते बसत नव्हतं. म्हणून परी मान वळवून शेवंती बघत उभी राहिली.

ठकीने बोट टेकवलं. फांदी रिकामी. तिने पानामागे पाहिलं, पुस्तकाखाली पाहिलं, मान वर करून बकुळीतही पाहिलं. वेणू काही बोलली नाही. गोंद्यासुद्धा गप्प बसला. ठकीचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले.

"पोपट कुठंय?"

जवळच खुरपणाऱ्या भागाबाईच्या हातातलं खुरपं गळून पडलं. पान थरथरलं, हिरवी झुळूक आली आणि लाल चोचीचा पोपट फांदीवर येऊन बसला.

"एक नियम आधी सांगायचा नसतो," परी हसली. "ज्या चित्राला मूल नावानं बोलावतं, त्याला परत यावंच लागतं. मग ते कुठं जात नाही. पुस्तक तुमचंच."

भागाबाईचे डोळे वाहत होते. "बाई गं, तुझे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले? पुस्तकं पुष्कळांना मिळतात. वाट बघणारी बहीण फार थोड्यांना मिळते."

भागाबाईने वेणूला छातीशी घट्ट धरलं. परीभोवती केशरी, जांभळा, चंदेरी उजेड फुलला, भिरभिरला आणि बघता बघता ती त्यात विरून गेली. सगळ्यांचे डोळे दिपले.

ठकीने टाळ्या पिटल्या. "पुन्हा!"