केरोबाचा तांबडा रुपया

एका पेठेच्या गावात केरोबा नावाचा पोतदार राहत असे. नाणे खरे की खोटे, हे पारखणे त्याचे काम. चाळीस वर्षांत त्याचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता. गावाला त्याचा अभिमान होता आणि खुद्द केरोबाला तर जरा जास्तच!

राजाला चुकीच्या छापाची नाणी जमवण्याचा भारी नाद. टांकसाळीत चुकून निराळ्या धातूवर छापलेले नाणे आणून देणाऱ्याला तो शंभर मोहरा देई.

एके दिवशी साळूबाई कासारीण एक रुपया घेऊन आली. छाप चांदीच्या रुपयाचा, पण रंग तांबडा. केरोबाने तराजू काढला नाही, कसोटीचा दगडही नाही. नुसते पाहिले आणि ऐटीत म्हणाला, "चांदीच्या रुपयाचा ठसा तांब्यावर पडलाय. शंभर मोहरा तुझ्या!"

साळूबाई आनंदाने रडलीच. दुसऱ्या दिवशी दोघांनी दरबारात जायचे ठरले.

संध्याकाळी केरोबाची बायको चांदीचा करंडा घेऊन आली. "अहो, तांब्याची भांडी घासलेल्या चिंचेच्या पाण्यात हा बुडवला. लोखंडी चिमट्याने काढला, तर लाल झाला!"

केरोबा करंडा उलटसुलट करून पाहू लागला. रुपयाचेही असेच झाले असेल तर? गप्प बसावे, तर कोणाला कळणार नव्हते. बोलावे, तर चाळीस वर्षांचे नाव जाणार होते. रात्रभर त्याला झोप लागली नाही.

सकाळी भरदरबारात त्याने रुपया तोलला. वजन चांदीचेच भरले. मग कड कसोटीवर घासली. लाल थर गेला आणि खाली पांढरी रेघ उमटली.

"महाराज, रुपया साधाच आहे. वरून तांबे चढलेय. चूक टांकसाळीची नाही, माझी आहे."

दरबारी हसले. साळूबाईचा चेहरा उतरला. राजाने विचारले, "गप्प राहिला असतास तर?"

"तर उद्या दुसऱ्याचे नाणे खोटे म्हणायला माझी जीभ रेटली नसती, महाराज."

राजा म्हणाला, "असा पोतदार माझ्या राज्यात आहे!" आणि त्याने आसनावरून उठून केरोबाला मुजरा केला.

पुढच्या बाजारी केरोबाच्या दुकानी पहिली आली ती साळूबाईच. बांगड्या विकून आलेली सारी नाणी तिने पारखायला त्याच्यापुढे ओतली. शेजारणीने टोकले, "अगं, यानंच तुला फसवलं ना?"

साळूबाई ताठ मानेने म्हणाली, "चुकला, पण फसवलं नाही. आमचा पोतदार आहे तो!"

तात्पर्य: आपली चूक चारचौघांत कबूल करणाऱ्याची मान खाली जात नाही, त्याच्याच शब्दाला खरे वजन येते.